चिरेखाणीतलं रंगमंदिर

७ मे १९६१
गावावरच्या कातळी पठारावरची, सड्यावरची जुनी चिरेखाण पुन्हा पाहून आलो. अकरा वर्षं मुंबईत साहेबांच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या इमारती रेखाटल्या. ही पहिली माझी. दशावतार, भजनं, सभा सगळ्यासाठी गावाला रंगमंदिर हवंय. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष तात्या म्हणतात, होडीतून दिसलं पाहिजे. माझं नेमकं उलट. समुद्रावरून बघणाऱ्याला सडाच दिसावा, बाकी काही नाही. खाणीचे कापीव थर म्हणजे आयत्या पायऱ्या. छप्पर कातळाच्या कडेखाली थांबवायचं. पश्चिमेला भिंत नको. वाऱ्याचं काय ते नंतर.
ही म्हणाली, इतके खूष असलात की तुम्ही काहीतरी विसरता.

१४ मे
देवळात कौल लावला. गुरवाने देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं : खाणीची जागा रंगमंदिराला द्यावी का? उजवी पडली. म्हणजे होय. माझा विश्वास नाही. तरी पाकळी पडेपर्यंत श्वास रोखून उभा होतो, हे इथे कबूल करतो.
मग मंडपातच नकाशा उलगडला. तळाला सिमेंटची फरशी, खाणीत साठणारं पावसाचं पाणी चरातून थेट समुद्रात. छपराबद्दल तासभर बोललो ते कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. चराचं मात्र सगळ्यांना कौतुक.

२ जुलै
खाणीत छातीभर पाणी. चर केवढा ठेवायचा ते ठरवायला खुणा केलेला बांबू रोवला.

९ जुलै
चार दिवस उघडीप. बांबूवर पाणी रोज वीतभर खाली. एवढं ऊन नाही. जातं कुठे?

११ जुलै
खालच्या वाडीतल्या भागीरथी काकीने बोलावून घेतलं. बाबा असल्यापासूनचा घरोबा. चहा नाही, बस म्हणणं नाही, आधी विहिरीत वाकून बघायला लावलं. पाणी कडेला आलेलं. ती लग्न होऊन आली तेव्हा शिमग्यालाच तळ दिसायचा. पुढे खाण खोल गेली, बंद पडली, तिच्यात पाणी राहू लागलं आणि तेव्हापासून मेअखेरपर्यंत कळशी बुडते. सगळी वाडी इथेच पाणी भरते. माझ्या चराची कीर्ती तिच्यापर्यंत पोचली होती.
"घर बांधूच्या आधी माणूस बाव खणता रे," काठावर हात ठेवून म्हणाली. "तुमी आमची बाव सुकवन घर बांधतास."
छपराची उंची बोटाबोटाने कमी केली, झाडाची एक फांदी तोडावी लागू नये म्हणून खांब हलवला, आणि खालच्या पाण्याचा विचार डोक्यात आलाच नाही. अकरा वर्षं काय शिकलो? लाज वाटते.

१२ जुलै
फरशी लहान केली तर? चर विहिरीकडे वळवला तर? कातळातून झिरपणारं पाणी पाटाने नेऊन तसंच राहील का... माहीत नाही. कुणाला माहीत असतं हे?

२० जुलै
तात्यांना सविस्तर पत्र टाकलं : फरशी आणि चर झाला तर खालच्या वाडीची विहीर आटेल, थांबू या.

१ ऑगस्ट
तात्यांचं उत्तर. देवाने होय म्हटलंय, आता मागे फिरणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. तुला जमत नसेल तर तसं कळव, तुझ्या जुन्या साहेबांकडे शब्द टाकतो.
म्हणजे मी नाही म्हटलं तरी फरशी होणारच, वर साहेबांच्या आवडीचा तीन मजली दर्शनी भाग. विहीर वाचत नाही, फक्त माझे हात स्वच्छ. मग माझ्याच हातून का नको, निदान छप्पर तरी खाली राहील. हा विचार गावासाठी की दगडावर कोरल्या जाणाऱ्या नावासाठी? दोन्ही असेल. संध्याकाळपर्यंत तीनदा मत बदललं. जेवताना ही म्हणाली, भात कालवताय की मळताय?

१३ ऑगस्ट
दुसरा नकाशा झाला. फरशी नाही, चर नाही. रंगमंच एका बाजूच्या उंच थरावर, छप्पर तेवढ्यावरच. चार महिने तळं, आठ महिने प्रेक्षक. जत्रा तशाही पाऊस सरल्यावर. दशावताराला लागतं काय, एक बाकडं आणि मोकळी जमीन.
सकाळी वाटलं, याहून चांगलं माझ्या हातून होणार नाही. दुपारी वाटलं, खाण होती तशीच ठेवलीय, मी केलं काय? हिला दाखवला. बराच वेळ बघून म्हणाली, छान आहे, पण यात तुम्ही कुठे आहात? थट्टाच होती. लागली.

५ सप्टेंबर
तात्या गणपतीसाठी आले. दुसरा नकाशा उभ्याउभ्याच पाहिला. मंडळाला बारमाही हॉल हवाय, तळं नको. कौलाचं पुन्हा ऐकवलं. देवळाच्या पायरीवर बोलणं चाललेलं, गुरव वाती वळत होता. मान वर न करता म्हणाला, "देवाक जाग्याचा इचारलास, देवान जाग्याचा सांगल्यान. पाण्याचा कोणी इचारूकच नाय."
तात्या चपापले. ठरलं : पुन्हा कौल लावायचा, तळाला फरशी घालावी का? या वेळी गाऱ्हाणं गुरवाने नाही, मानकऱ्याच्या घरातल्याने घालायचं. ते घर आमचं, म्हणजे मी. डावी पडली तर तात्या तळ्याचा नकाशा मान्य करणार. उजवी पडली तर मी फरशीच्या नकाशावर सही करणार. मी हो म्हणून मोकळा झालो. का म्हणालो? ज्यावर विश्वास नाही त्याच्या गळ्यात निर्णय घातला की बरं वाटतं, म्हणून?

११ सप्टेंबर
उद्या सकाळी कौल. गाऱ्हाण्याचे शब्द जुळवत अंगणात बसलो होतो. "बा देवा" इतकंच आलं. देवाकडे काय मागायचं हेच ठरत नाही. डावी पडो म्हणावं तर काकीसाठी. पण उजवी पडली तर इमारत माझी, आणि दोषही माझा नाही, देवाचा. हे मनात आलं.
रात्री दहाच्या सुमारास काकी आली. चढ चढून आल्यामुळे दम लागलेला. पायरीवर टेकली, पाणी नको म्हणाली.
"उजवी पडली तर तू काय करतलंस?"
मी म्हटलं, उद्या बघू काकी.
"फाल्या बघतलंस तां माका नको. आता सांग."
आवाज चढवला नाही. रागावली असती तर सोपं गेलं असतं. तात्यांना शब्द दिलाय हे सांगणार होतो. त्याऐवजी गाऱ्हाणं लिहायला पेन्सिल आणतो म्हणून आत आलोय आणि हे लिहितोय. हिने तिला चहा नेऊन दिला, परत आली, माझ्याकडे बघून चुलीकडे गेली. काकी अजून पायरीवर बसून आहे.