सैल वेणी

आराबा, पोरी,

शनिवारी तू हाम्बुर्गहून येशील. त्याआधी सांगायला हवं म्हणून लिहितेय, पण हे पत्र टाकायचं धाडस माझ्यात नाही.

तुझ्या एकुआच्या दोन्ही कानांच्या वर बोटभर टक्कल पडलंय. मला वाटलं, नायटा असेल. दवाखान्यातली नर्स मान्सा बघताक्षणी म्हणाली, "मावशी, हे तुमच्याच हातचं काम! इतक्या घट्ट वेण्या घालतात का लेकराला? चार महिने केस मोकळे ठेवा. ओले असतानाच विंचरा, शिआच्या बियांचं लोणी लावा."

अख्खं ताकोराडी शहर माझ्याकडून वेण्या घालून घेतं, आणि मला हे ऐकावं लागलं.

एकुआ माझ्या वेण्यांच्या दुकानातल्या भिंतीवरची बायांची चित्रं बघत म्हणाली, "आजी, यांत माझ्यासारख्या मोकळ्या कुरळ्या केसांची एकही नाही गं. शाळेत मला हसतील." मी तिचा फोटो काढला आणि त्या बायांच्या मधोमध लावला. मग विचारलं, "दुखत होतं, तर बोलली का नाहीस?"

"तूच गिऱ्हाइकांना सांगतेस ना, दुखलं म्हणजे वेणी नीट बसली!"

मान्सा म्हणते, केस येतील. मी रोज सकाळी उजेडात नेऊन बघते. अजून काही दिसत नाही.

लहानपणी तू रडायचीस, तेव्हा तुलाही मी हेच सांगायचे. आता तू इथे आलीस की घरातसुद्धा कपाळावरचं फडकं सोडत नाहीस. का, ते मी कधीच विचारलं नाही. शनिवारी विचारीन.

तुझी आई