पॅनलच्या दारावरचा नॉब

बाबा, तुम्ही चुकत होतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहूनच गेलं.

अफझलगंजच्या आपल्या दुकानात मी तो पॅनल तुमच्यापुढे ठेवला, तो दिवस आठवतो. करंट गेला की जनरेटर सुरू होतो, पण तो स्थिरावेपर्यंत त्याच्यावर भार टाकायचा नसतो. तेवढा वेळ भार अडवून धरणारा रिले त्यात होता. किती थांबायचं ते रेझिस्टरवर ठरतं; तो वाढवला की वेळ वाढतो. तुम्ही रेझिस्टर पॅनलच्या आत कायमचा सोल्डर करत होतात. मी दोन वायरी बाहेर काढून तो कमीजास्त करायला दारावर फिरवायचा नॉब बसवला होता. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना तुम्ही म्हणालात, "हा काय रेडिओ आहे? उद्या वॉचमनसुद्धा फिरवून शून्यावर आणील. आणि लोकच वेळ लावायला लागले तर आपल्याला कोण विचारणार?" मी म्हणाले, "नाही विचारलं तर नाही." तुम्ही नॉब उपटलात आणि भंगारात फेकलात.

तुमची पहिली शंका मी ऐकली होती, बरं का. नॉबला जोडून आत एक न बदलणारा रेझिस्टर घातला. कुणी कितीही उलटा फिरवला तरी वेळ शून्यावर येत नाही. दुसरी मात्र नाही ऐकली. लोकांना बांधून ठेवून धंदा करायचा नव्हता मला. तुमच्यामागे प्रत्येक पॅनलच्या दारावर नॉब लावला.

मग राज्य पुन्हा तुटायची वेळ आली. सारखे बंद, सारखे मोर्चे. पुण्याहून दादाचा फोन आला, "दुकान विकून टाक. तिथं आपलं आता कोण आहे?" मी म्हटलं, "भाषावार प्रांत झाले तेव्हा काका तिकडे गेले, बाबा इथं राहिले. आता तू गेलास, मी राहते." त्यानं फोन ठेवला.

अशाच एका बंदच्या दुपारी विद्यानगरच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यातून बोलावणं येतं. बस नाही, रिक्षा नाही. नारायणगुड्याच्या घरून मी चालत निघते. त्यांचा जनरेटर बिघडलाय, भाड्यानं आणलेला जुना आहे. करंट सारखा जातोय, आणि भार पडला की हा म्हातारा घुसमटून बंद पडतोय. डॉक्टरीणबाई दारातच विचारतात, "अम्मा, सब बंद करना पडेगा क्या? अंदर केस चल रहा."

"नक्को, डॉक्टरसाब. कुछ बंद नक्को करो."

पॅनल आपल्याच दुकानाचा; दार न उघडता मी नॉब पुढे फिरवून थांबायचा वेळ वाढवते. करंट पुन्हा जातो. जनरेटर खोकतो, गुरगुरतो. आवाज एकसारखा होतो, रिले टक्क करतो आणि दिवे लागतात. लागलेलेच राहतात. बऱ्याच वेळानं आया बाहेर येते. "लडकी हुई." तुम्ही असतात तर पॅनल बंद करून सोल्डरिंग आयर्न तापवत बसला असतात!

दुकान तिथंच आहे, बाबा. मीही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मलाही कळतं. घरातही कुणी वाचणार नाही. मुलगी मराठी बोलते, पण अक्षरं लावता लावता कंटाळते. मग लिहिलं कशाला? खरं सांगते. गिऱ्हाइकांशी मी उर्दूत भांडते, लाइनमनशी तेलुगूत. मराठीत भांडायला तुमच्यासारखं माझं माणूस उरलेलं नाही.