लायलच्या कपाटांहून चकचकीत

तीर्थस्वरूप विनिफ्रेडताईस,

रॉस्कोचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या सगळंच वाकून.) तुझा गुडघा कसा आहे? ऑरव्हिल भाऊजी अजून डोनट लपवून खातात का?

इकडे विस्कॉन्सिनात बर्फ वितळलं आणि आमच्या जुन्या ट्रेलरवाल्यांचं, गाडीमागं ओढायची चाकांवरची घरं जपणाऱ्यांचं, घासकाम सुरू झालं. जूनच्या मेळाव्यात आपापल्या ट्रेलरचं दार सताड उघडं ठेवायचं आणि परक्यांनी आत शिरून कपाटं न्याहाळायची, ही आमची रीत तुला ठाऊक आहेच. गेली तीन वर्षं लोक माझ्याकडे डोकावतात, 'छान ठेवलाय हं' म्हणतात आणि शेजारच्या लायल हावरकॅम्पच्या ट्रेलरपुढे रांग लावतात. बर्चच्या प्लायवूडवर त्यानं लाखेचं पॉलिश असं चढवलंय की कपाटं मधात बुडवून काढल्यासारखी दिसतात. मी जळतो, ताई, उगाच आडपडदा कशाला? आमची आर्लीन तर त्यांच्यावरून हात फिरवून म्हणाली की इथं लहानपणीचा वास येतो. एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्या वस्तूला असला वास आला नाही. (मोज्यांना येतो तो वेगळा.)

तेव्हा मी ठरवलं, लायल बाहेरून चमकवतो ना, आपण दारं आतूनही चमकवायची. शहाणी माणसं जुनं पॉलिश स्पिरिटनं पुसून हलक्या हातानं पॉलिश पेपर मारतात. मी घासायचं मशीन आणलं. वरचा पापुद्रा कांद्याच्या सालीएवढा असतो, मशीन लावू नकोस, असं मला बजावलं होतं. पण बजावणारा लायल होता, म्हणून मी ऐकलं नाही. पहिलं काढून आडवं घेतलं ते कपड्यांच्या कपाटाचं दार. हो, तेच. आतल्या बाजूला आईनं आपल्या सगळ्या सहलींची यादी पेन्सिलीनं लिहिली होती ते. साल, तळ्याचं नाव, कोण कोण होतं. धुळीत मला ती दिसली नाही. मशीन थांबवलं तेव्हा यादी गेली होती, पापुद्राही गेला होता आणि खालचा तपकिरी डिंक वर आला होता.

तेवढ्यात लायल आला, हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन. (सॅलडही आमच्यापेक्षा चांगलं.) मी घाईनं दारावर चादर टाकली आणि वर बसलो. त्याला नेमकं तेच दार बघायचं होतं.

"दर मेळाव्याला मी तुझ्याकडे दोनदा येतो, ते काय तुझं तोंड बघायला?" तो म्हणाला. "माझ्या कपाटांना पॉलिशचे चौदा हात दिलेत मी, गड्या. पण आत कुणाच्या आईनं काही लिहिलेलं नाही. जळतो मी तुझ्यावर."

हे ऐकायला मी तीन वर्षं आसुसलो होतो. दार ताईकडे पाठवलंय, असं मी त्याच दारावर बसून त्याला सांगितलं.

आर्लीनचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुझा धाकटा,
रॉस्को

ता. क. तुझं अक्षर हुबेहूब आईसारखं आहे आणि सहली तुला पाठ आहेत. नवीन दार कापून तुझ्याकडे धाडलंय. आतून यादी लिहून दे, पेन्सिलीनंच. लायलचा फोन आला तर 'दार माझ्याकडे आहे' म्हण. खोटंही होणार नाही.

आणखी एक. धुळीत दिसली नाही हे मात्र खोटं. मशीन लावण्याआधी चष्मा घालून मी ती पहिल्यांदाच सबंध वाचली. अकरा सहली. सगळ्यांत तुझं नाव, माझं शेवटच्या दोनांतच. माझ्याशिवाय तुम्ही नऊ उन्हाळे इतक्या मजेत काढलेत, हे मला साठाव्या वर्षी सहन झालं नाही. हात थांबला नाही, ताई. आता लिहिशील तेव्हा मला आणखी एका ठिकाणी घाल. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात मी आईच्या पोटात होतोच. तेवढं धरायला हरकत नसावी.