गाद्यांच्या दुकानात भरलेली सभा

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (या वेळी अगदी शब्दशः. मी पालथी पडून लिहिते आहे. खाली नवीकोरी गादी आहे आणि तिचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, त्यामुळे हात हलला की चर्र असा आवाज होतो. अक्षर वाकडं आलं तर दोष गादीला दे.)

मोतीबिंदू काढल्यापासून तुला शेजारणीच्या घरातली जळमटं तुझ्या खिडकीतून दिसायला लागली आणि तू तिला हाक मारून ती बोटाने दाखवलीस, हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे डोळा उत्तम झाला. शेजारीण बोलेनाशी झाली हे मात्र वाईट. आता डोळ्यांत औषध घालायला कोण येतं ते कळव. वाकून काही उचलू नकोस. डोळे चोळू नकोस. बाबा कसे आहेत हे मी विचारत नाही. (पण तू लिहिलंस तर वाचीन.) मी बरी आहे. वजन वाढलंय, आणि त्यालाही एक बेकरीवाला जबाबदार आहे. तो पुढे येईलच.

आमची संस्था नेमकं करते काय, हे तुला अजून उमगलेलं नाही असं दिसतं. सांगायला सोपं आहे. आमच्यासारखी ट्रान्स माणसं दुखणं अंगावर काढतात. एकवेळ ताप परवडला, पण दवाखान्यातली ती खिडकी नको, असं वाटतं. खिडकीवरचा माणूस कागद बघतो, मग तोंड बघतो, मग पुन्हा कागद बघतो, आणि तेवढ्यात मागची सगळी रांग आपल्याकडे बघायला लागते. आमच्या हेडबाई (या खरोखरच्या, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या हेडबाई, त्यांची लेक आमच्यातलीच, ती लांबच्या देशात नोकरी करते) एकदा लेकीला घेऊन सबंध दिवस अशा एका खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि औषधाशिवाय घरी आल्या. शाळा चालवलेल्या बाई त्या. रडण्याऐवजी त्यांनी संस्था काढली. समजून घेणारे डॉक्टर शोधायचे, तारखा मिळवायच्या आणि माणसाला एकटं पाठवायचं नाही, एवढंच आमचं काम. त्यातलं शेवटचं काम माझं. मला सगळे ‘सोबतीण’ म्हणतात. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि तोंडावर तपासणीला आलेल्या साहेबिणीचा भाव घेऊन मी रुग्णाच्या शेजारी बसते. काही बोलत नाही, नुसती बघते. पुष्कळदा तेवढ्याने भागतं.

आमचं ऑफिस गाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. खालचा गादीवाला आमचा घरमालक. माणूस हळू बोलणारा, हळू चालणारा. जन्मभर मऊ वस्तूंच्या संगतीत राहिल्यामुळे त्याला जगात टोकदार असं काही ठाऊकच नाही. आम्हाला जागा देताना त्याने एकच प्रश्न विचारला होता, जिन्यावर धावाधाव होईल का? हेडबाई म्हणाल्या, आमची माणसं आजारी असतात. तो म्हणाला, मग हरकत नाही.

तर, शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या मुख्य डॉक्टरीणबाई आमच्या ऑफिसला भेट द्यायला येणार होत्या. ही भेट मिळवायला हेडबाईंनी इतक्या चकरा मारल्या होत्या की तिथला पहारेकरी त्यांना डॉक्टरच समजायला लागला होता. आमचं मागणं असं की आठवड्यातली एक दुपार आणि एक खोली आमच्या माणसांना द्यावी, आणि तिथे माणूस आपलं नाव जे सांगेल तेच पुकारावं. हेडबाईंनी भाषण पाठ केलं होतं. आम्ही खुर्च्या पुसल्या, पडदे धुतले, भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ उतरवून ठेवलं. आणि त्याच दिवशी सकाळी वरच्या टाकीचा पाइप फुटला. मी दार उघडलं तर खुर्च्या तळ्यात उभ्या असल्यासारख्या उभ्या होत्या आणि धुतलेले पडदे पुन्हा धुतले जात होते. मला तर ते दृश्य सुंदरच वाटलं. (हेडबाईंना वाटलं नाही.) गादीवाला जिन्यात उभा राहून म्हणाला, खाली बसा, जागा आहे, मऊही आहे.

आत्या, तू गाद्यांचं दुकान कधी दुपारचं पाहिलं आहेस का? समोर मोठी काच असते. उन्हात कापसाचे तंतू तरंगत असतात, खालीही येत नाहीत आणि वरही जात नाहीत. बाहेरच्या गाड्यांचा आवाज गाद्यांमध्ये कुठेतरी मुरून जातो. सगळीकडे पांढरंच पांढरं, त्यामुळे आपण ढगांच्या गोदामात आलो आहोत असं वाटतं. तिथे मोठ्याने बोलावंसंच वाटत नाही. अशा जागी हेडबाईंना सभा घ्यायची होती. बसायला खुर्ची एकच, आणि ती गादीवाल्याची. ती पाहुण्यांना देऊ केली. पण डॉक्टरीणबाई आदल्या दिवसापासून ड्यूटीवर होत्या, घरी गेलेल्याच नव्हत्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं आणि गादीवर बसल्या.

हेडबाईंनी सुरुवात केली. त्याही गादीवरच बसल्या होत्या, आणि गादी चांगली जाड होती, तेव्हा दर वाक्यागणिक बाई थोड्या थोड्या खाली चालल्या होत्या. “आपल्या समाजात” इथे त्या ताठ होत्या, “आरोग्याचा हक्क” इथे एका अंगाला कलल्या. डॉक्टरीणबाई मान हलवत होत्या. मग मान हलली आणि वर आलीच नाही. मग त्यांनी एक हात टेकला. मग कोपर. मग पायातल्या चपला आपोआप सुटून पडल्या, आणि आमच्या सगळ्या आशा-आकांक्षा एका कुशीवर वळून गाढ झोपी गेल्या.

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. मी खोकले. एक गादी खाली पाडून पाहिली, पण गादी ती, तिचा कसला आवाज होणार? शेवटी हेडबाई हळूच म्हणाल्या, “झोपू दे. झोपलेल्या बाईला उठवून तिच्याकडे काही मागणं मला जमायचं नाही.” आणि त्या भिजलेल्या खुर्च्या पुसायला वर निघून गेल्या. तेवढ्यात एक नवराबायको गादी बघायला आले. गादीवाल्याने ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी कौतुकाने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांना वाटलं, दुकानाने ही बाई झोपून दाखवायलाच ठेवली आहे. त्यांनी तीच गादी घेतली, म्हणजे तशीच दुसरी. नवरा जाताना कुजबुजला, हिला पगार किती देता?

मग बेकरीवाला आला. आमच्यातलाच. दाढी सुरेख राखलेली, हाताला नेहमी लोण्याचा वास. महिनोन्‌महिने त्याचं पोट दुखत होतं आणि त्या दुपारी मी त्याला दवाखान्यात घेऊन जाणार होते. तो न जाण्याचं सांगायला आला होता. सोबत बनपाव आणले होते, म्हणजे मी रागावू नये. शेजारी कोण झोपलंय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि माझ्याही डोळ्यांवर इतकी गुंगी होती की सांगायचं राहून गेलं. तो माझ्याजवळ बसला आणि कुजबुजत सांगायला लागला. मागच्या खेपेला खिडकीतल्या माणसाने माईकवरून त्याचं जुनं नाव पुकारलं. सगळी रांग त्या नावाची बाई शोधायला लागली. एक आजोबा तर तिला शोधायला बाहेर पटांगणात जाऊन आले. हा उभाच राहिला नाही. पुढे कसाबसा आत गेला, तर तिथले डॉक्टर पोट सोडून बाकी सगळं विचारत बसले आणि त्यांनी बघायला आणखी चारचौघांना बोलावलं.

“पोट दुखतंय म्हटलं मी,” तो म्हणाला. “पोटाला कुणी हातच लावला नाही गं.”

मी त्याचा हात धरला. तो थकला होता, पहाटेपासून भट्टीसमोर उभा होता. तो आडवा झाला. मीही झाले. (कामावर झोपू नये हे मला कळतं, आत्या.) मला स्वप्न पडलं. त्या दवाखान्याचा लांब व्हरांडा होता, पण फरशीच्या जागी गाद्या होत्या, आणि आम्ही सगळे अनवाणी चाललो होतो. खिडकीतून कापूस तरंगत येत होता. त्या कापसाबरोबर नावं येत होती, हलकी, कुजबुजल्यासारखी. जिचं नाव तिच्या खांद्यावर, ज्याचं त्याच्या डोक्यावर उतरत होतं. कुणी मागे वळून पाहत नव्हतं. माझं नाव माझ्याकडे येताना मला दिसत होतं, आणि मी ओंजळ पुढे केली.

तेवढ्यात पलीकडच्या गादीवरून आवाज आला, “दुखतं ते उजवीकडे की डावीकडे?”

डॉक्टरीणबाई कुशीवरच होत्या, डोळेही अर्धवट मिटलेले. जाग कधी आली होती कोण जाणे. बेकरीवाला दचकून उठून बसला.

“उजवीकडे,” तो म्हणाला. “तुम्ही कोण?”

“डॉक्टर आहे. जेवल्यावर जास्त दुखतं? खांद्यापर्यंत कळ जाते?”

“जाते.”

“तुम्हाला काय म्हणून हाक मारू?”

त्याने नाव सांगितलं. आपलं, स्वतः ठेवलेलं. मग परवानगी विचारून बाईंनी त्याच्या बरगडीखाली हात ठेवला, दाबला, आणि त्याचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. बाकी काहीही न विचारता त्या आपल्या चपला शोधायला लागल्या. पित्ताशयात खडे दिसताहेत, म्हणाल्या, आणि सूजही आहे, आणखी थांबायचं नाही, आत्ताच चला. तो माझ्याकडे बघायला लागला. पळून जावं की काय, हे त्याच्या तोंडावर अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं. मी बाटली उचलली, पर्स उचलली, साहेबिणीचं तोंड केलं. (केसांत कापूस होता हे मला नंतर कळलं.) तो म्हणाला, “माईकवरून पुकारलं तर मी परत येईन.” बाई म्हणाल्या, “पुकारलं तर मीसुद्धा येईन.”

बाईंच्याच गाडीतून गेलो. तिथे त्या सरळ खिडकीच्या आतल्या बाजूला गेल्या, माईकवाल्याला बाजूला सारलं आणि त्याच्या खुर्चीत बसल्या. मग माईक हातात घेतला, आणि बहुधा अजून पुरत्या जाग्या झाल्या नव्हत्या म्हणून असेल, पण इतक्या हळू, इतक्या मऊ आवाजात त्याचं नाव घेतलं की रांगेतलं एक तान्हं बाळसुद्धा रडायचं थांबलं. बेकरीवाला उठला. रांगेतल्या कुणीही वळून पाहिलं नाही. एक आजी तेवढ्या पाय आखडून त्याला वाट देत म्हणाल्या, “जा बाळा, तुझा नंबर आला.” मी आजवर कितीतरी खिडक्यांसमोर कोरड्या डोळ्यांनी बसले आहे. त्या दिवशी मात्र बाटलीतलं पाणी मलाच प्यावं लागलं.

खडे निघाले. माणूस धडधाकट आहे, पुन्हा भट्टीसमोर उभा राहतो, आणि उपकार फेडायचे म्हणून ऑफिसात इतकं लोणी आणून ठेवतो की डॉक्टरीणबाई त्याच्यावर ओरडल्या, हेच खाऊन पुन्हा येशील! दुपारही मिळाली. खोलीही मिळाली, पूर्वी तिथे प्लास्टर घालायचे. माईकवाल्याला बाईंनी शिकवलं आहे, आणि तो शिकला आहे, फक्त आता तो सगळ्यांचीच नावं इतकी हळू घेतो की बाकीच्या रुग्णांना ऐकूच जात नाही. दुःखी फक्त हेडबाई आहेत. त्यांचं भाषण राहिलं. मागणं मान्य झाल्यामुळे ते आता कुणाला ऐकवताही येत नाही, म्हणून त्या ते आम्हालाच ऐकवतात, आणि आम्ही वाक्यावाक्याला टाळ्या वाजवतो.

तर अशी ही आमची संस्था. डोळ्याला जप, आणि शेजारणीशी गोड बोल.

तुझीच,
सोबतीण

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. माझ्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली तेच, पुढच्या महिन्यात. घरचं कोण येणार, असं विचारलं. सोबतीला माणसं पुष्कळ आहेत. हेडबाई तयार आहेत, बेकरीवाला तर हट्टाला पेटलाय. पण विचारणाऱ्याने ‘घरचं’ म्हटलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माझी आत्या येईल. तेव्हा ये. मला भीती वाटते.

ता. क. २. वॉर्डातली सिस्टर तुला विचारेल, ही तुमची कोण? आत्या, मी नाव बदललं तेव्हापासून तुझ्या पत्रांत एकही ‘गेलास’ नाही आणि एकही ‘गेलीस’ नाही. ‘जेवण झालं का’, ‘तिकडे थंडी असेल’, ‘तब्येतीला जपावं’. अगदीच अडलं तर ‘माझं पिल्लू कसं आहे’, म्हणजे थेट नपुंसकलिंगात. (शब्द व्याकरणाचा आहे, मी रागावलेली नाही.) पानंच्या पानं एवढी कसरत करताना तुला किती कष्ट पडले असतील! ते प्रेमापोटीच केलंस, हे मला कळतं. पण सिस्टरला पिल्लू चालायचं नाही. तिला ‘भाची’ म्हण.

ता. क. ३. येणार की नाही ते पत्राने कळवू नकोस. पत्रात तुला विचार करायला वेळ मिळतो. फोन कर. मी उचलीन आणि गप्प बसेन. ‘ऐकू येतंय का’ म्हणालीस तरी बोलायची नाही. सरळ क्रियापद लावून विचार, मग बोलेन.