चाकांची भांडणं आणि दिनेशचा फोन

६ जानेवारी, सोमवार

पुन्हा चाकं. सकाळपासून दिनेशचा फोन फ्रीजवर थरथरतोय. मी पोळ्या लाटत होते, बघितलं नाही. नंतर बघितलं तर शंभराच्या वर मेसेज. डोंगरात सायकलला एकोणतीस इंची चाक चांगलं की साडेसत्तावीस इंची. या माणसांना नोकऱ्या नाहीत का?

एकोणतीसवाले म्हणतात, मोठं चाक दगडावरून आपोआप जातं. साडेसत्तावीसवाले म्हणतात, ही सायकल नाही, ट्रॅक्टर आहे, वळवायला शेत लागतं. सव्वीसवाले आता उरलेच नाहीत. दिनेश शेवटचा. म्हणायचा, "लहान चाकाला प्रत्येक खड्डा कळतो. मला कळलेला बरा."

तोंडावर त्याचं नाव कधी घेतलं नाही. 'अहो'तच सगळं आयुष्य गेलं. इथे घेते. इथे कोण ऐकतंय.

७ जानेवारी

फॉल-पिकोच्या साड्या राहिल्या आहेत. सुईत दोरा जायला आता चष्माही पुरत नाही.

८ जानेवारी, बुधवार

'डोंगरचाकं' हा ग्रुप दिनेशनं काढला, म्हणून अ‍ॅडमिन तोच. फेब्रुवारीत त्याला जाऊन वर्ष होईल. अ‍ॅडमिन अजून तोच. मी फोन चार्ज करते, रिचार्ज मारते, पण त्यावरून आजवर एक शब्द लिहिलेला नाही. सरिता म्हणते, "ताई, बंद कर ना तो नंबर. भूत पाळल्यासारखं वाटतं." धाकट्या बहिणीला बोलायला काय जातं.

कधीतरी मधूनच कोणी लिहितं — "दिनेशभाऊ असते तर इथे उतरून चालत गेले असते." तेवढ्या ओळीसाठी बाकीचं सगळं वाचते. वाचायची सवय आहेच मला. सातवीला शाळा सुटली आणि पुढे जे हाताला लागलं ते वाचत गेले. दिनेशनं वाचनालयाचं कार्ड काढून दिलं तेव्हा लायब्ररीतल्या बाईनं विचारलं होतं, स्वयंपाकाची पुस्तकं हवीत का. मी तिच्याकडून रशियाचा इतिहास घेऊन आले होते.

ग्रुप फुटला तर ती एक ओळही यायची थांबेल. मला भीती आहे ती एवढीच. मोठी नाही.

११ जानेवारी, शनिवार

आज भांडण महेशवर घसरलं. हा महेश पेठ तालुक्यातल्या आश्रमशाळेत खेळाचा मास्तर. शनिवार-रविवार नाशिकला येतो. त्याच्या सायकलला चाकच एक. हँडल नाही, ब्रेकही नावालाच. त्यावर बसून डोंगर उतरतो. दिनेश पहिल्यांदा बघून आला होता तेव्हा जेवताना सारखा हसत होता. "अगं, पडतो, उठतो, चाकाला सॉरी म्हणतो आणि पुन्हा बसतो."

आज किशोरभाऊंनी लिहिलं, सर्कशीचं सामान डोंगरावर आणू नये. लखननं लिहिलं, याला अर्धं तिकीट. मग हसणाऱ्या तोंडांची रांग.

महेशचं उत्तर: "बरोबर आहे. हँडल नसल्यामुळे हात जोडायला मोकळे राहतात." खाली जोडलेले हात.

मी एकटीच हसले. घरात आवाज मोठा वाटला.

१२ जानेवारी

नव्या माणसाला ग्रुपमध्ये घेतलं की पहिला प्रश्न — किती इंची? मग ठरतं त्याच्याशी कसं बोलायचं. मला लग्नानंतरची भाड्याची खोली आठवते. घरमालकीणबाई चहा देण्याआधी विचारायच्या, आडनाव काय? आडनाव कळलं की कप वेगळा. इथे निदान चाक बदलून घेता येतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. किशोरभाऊंनी तिळगुळाच्या चित्राखाली ग्रुपचे नियम टाकले. शिवी नको. आईबहीण नको. राजकारण नको. एकमेकांच्या चाकाचा आदर करावा. संध्याकाळपर्यंत त्यांनीच नियम मोडला. "एकचाकी हे चाक नव्हे, त्यामुळे त्याला नियम लागू नाही."

१७ जानेवारी

काही नाही. पाठ दुखते.

१९ जानेवारी, रविवार

किशोरभाऊ घरी आले. अंबडला त्यांचा नट-बोल्टचा कारखाना. दिनेश गेला त्या दिवशी हॉस्पिटलपासून विहारापर्यंत सगळी धावपळ त्यांनीच केली, ते मी विसरणार नाही. त्यांनीच सांगितलं होतं — "डोंगरावरच अटॅक आला, जागच्या जागी गेले, वहिनी. त्रास झाला नाही." वर्षभर मी त्या वाक्यावर झोपले आहे.

आज म्हणाले, नऊ फेब्रुवारीला दिनेशभाऊंच्या आठवणीची राइड काढतोय. पांडवलेणीच्या मागच्या त्याच वाटेनं. (ग्रुपवर सगळे पांडवलेणी म्हणतात. आमच्या घरात त्रिरश्मी बुद्धलेणी.)

मी म्हटलं, चांगलं आहे.

"पण वहिनी, महेश नको. त्याला काढा ग्रुपमधून. अ‍ॅडमिन तुम्हीच ना. नाहीतर मला करा अ‍ॅडमिन, मी काढतो. तुमच्या हाताला पाप नको."

"का काढायचं?"

"सगळ्यांना अडवतो. लखन त्याला वाचवायला गेला आणि मनगट मोडून बसला. निम्मे लोक म्हणतात, तो असेल तर आम्ही नवा ग्रुप काढतो."

मग ते उठता उठता म्हणाले, "बोलू नये, पण बोलतो. त्याच्यामुळेच दिनेशभाऊ मागे राहिले त्या दिवशी. एकटे. बाकी तुम्ही समजदार आहात."

चहा तसाच ठेवून गेले. साय धरली त्यावर.

२० जानेवारी

त्याच्यामुळे मागे राहिले.

२२ जानेवारी, बुधवार

एका साडीला फॉल उलटा लावला. उसवून पुन्हा लावला. डोक्यात तेच. दिनेशला सगळ्यात मागे राहायची आवड होती हे मला माहीत आहे. पण महेश नसता तर? महेशची चाकं दोन असती तर? असे प्रश्न मांडले की एकसुद्धा सुटत नाही. दिवस मात्र जातो.

२४ जानेवारी, शुक्रवार

दुपारी फोन हातात घेतला. ग्रुप उघडला. महेशच्या नावावर बोट दाबून धरलं. खाली आलं — काढून टाका. एक बोट टेकवायचं की झालं. ग्रुप राहील, भांडण मिटेल, किशोरभाऊ खूश.

मग वाटलं, ज्याला काढायचं त्याचं तोंड तरी बघावं. अंत्यविधीला तो होता का, मला आठवत नाही. मला त्या दिवसाचे नुसते पाय आठवतात, माणसांचे.

माझ्या फोनवरून त्याला लावला. म्हणाला, "या शनिवारी शाळेत झेंड्याची तयारी आहे, ताई. पुढच्या शनिवारी येऊ?" आवाज शांत. कशाला बोलावलं, विचारलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

विहारात झेंडावंदन. नंतर पोरांना बुंदी. सगळ्या बायका विचारतात, कशी आहेस. सगळ्यांना एकच उत्तर दिलं, म्हणजे खोटं मोजकंच झालं.

ग्रुपवर किशोरभाऊंनी राइडचं चित्र टाकलं. दिनेशचा फोटो, मागे सूर्य. खाली लगेच कोणी तरी — टायरला प्रेशर किती ठेवायचं? आणि पुन्हा चाकं.

१ फेब्रुवारी, शनिवार

महेश आला. चाळिशीचा असेल. उन्हानं रापलेला, दाढी अर्धी पांढरी. चाक खांद्याला अडकवून जिना चढला. बाहेर ठेवू का म्हणाला. मी म्हटलं, आत आणा, खालची पोरं घेऊन पळतील. भिंतीला टेकवून ठेवलं.

चोवीस इंची आहे, मी विचारल्यावर म्हणाला. "आमच्यातही भांडणं आहेत बरं का ताई. अख्ख्या देशात आम्ही मूठभर. त्यातही चोवीसवाले आणि एकोणतीसवाले एकमेकांशी बोलत नाहीत." हसला. मलाही हसू आलं, आणि मग ते विचारायचंच राहील असं वाटून मी सरळ विचारलं.

"किशोरभाऊ म्हणतात, हे तुमच्यामुळे मागे राहिले."

"राहिलेच होते. दर वेळी राहायचे. सगळ्यात हळू मी, माझ्या मागे दिनेशभाऊ. आम्ही त्यांना शेपूट म्हणायचो. शेपूट खाली आलं की राइड संपली."

"मग त्या दिवशी शेपूट का आलं नाही?"

त्यानं कप खाली ठेवला.

"शेवटच्या उतारावर म्हणाले, तू हो पुढे, मी पाणी पिऊन आलो. मी उतरलो. खाली टपरीपाशी थांबलो. ते येईनात. किशोरभाऊंना म्हटलं, दिनेशभाऊ वरच आहेत. ते म्हणाले, मोजणी बरोबर भरली आहे. म्हणजे दिनेशभाऊ उतरले आणि घरी गेले. घर जवळच ना त्यांचं."

"ते वर होते तर मोजणी भरली कशी?"

त्यानं भिंतीजवळचं चाक नीट टेकवलं. मग म्हणाला, "सांगू नये असं ठरवलं होतं, ताई. पण तुम्ही बोलावलंत."

त्या दिवशी बाहेरगावचेही पुष्कळ आले होते. निघताना किशोरभाऊंनी मोजलं. महेशपाशी आले आणि म्हणाले, सायकली मोजतोय, सर्कस नाही. त्याला सोडून पुढे गेले. सगळे हसले. "मीपण हसलो," महेश म्हणाला. खाली मोजायला उभी होती राखी. बँकेतली ती नवीन मुलगी, तिची पहिलीच राइड. तिला सर्कस वगैरे काही माहीत नाही. तिनं माणसं मोजली. महेशलाही धरलं.

मला समजायला वेळ लागला. निघताना ज्याला धरलं नाही, त्याला खाली धरलं. आकडा जुळला. माणसं गाड्यांवर सायकली चढवून घरी गेली. आणि दिनेश डोंगरावर.

"मीसुद्धा आधी चहा घेतला, ताई. मोजणी भरली म्हणाले म्हणून. मग बरं वाटेना, चालत वर गेलो."

"जागच्या जागी गेले म्हणून सांगितलं मला."

"नाही. जिवंत होते. झाडाला टेकून बसले होते. घाम आला होता. मी फोन लावत होतो, रेंज नव्हती. मला विचारलं, सगळे उतरले का? मी म्हटलं, हो. म्हणाले, मग बरं."

आणखी काही बोलले का, मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही म्हणजे नसेल.

हे कोणाला बोललात का, विचारलं. नाही म्हणाला. "राखीला कळलं तर ती पोरगी जन्मभर मोजत बसेल. तिची काय चूक?"

"आणि किशोरभाऊ?"

"त्यांच्या लक्षातच आलं नसेल. असतं तर असं बोलले नसते मला."

नऊ तारखेला तुम्ही नको म्हणतात, हे मी त्याला सांगितलं. म्हणाला, माहीत आहे. नाही येणार. दिनेशभाऊंच्या नावानं भांडण नको. मग चाक खांद्याला अडकवलं आणि गेला.

मी भांडी घासली. एकच कप पुन्हा पुन्हा.

त्रास झाला नाही म्हणाले होते. झाला होता. त्यात दिनेशनं दुसऱ्यांची चौकशी केली. अगदी तसाच होता तो. याचा राग येतो आणि याचंच बरंही वाटतं, आणि दोन्ही एका वेळी उचलायची ताकद आता नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दिनेशच्या फोनवरून पहिल्यांदा लिहिलं. "मी दिनेशची बायको. महेश ग्रुपमध्ये राहतील आणि नऊ तारखेलाही येतील. त्या दिवशी मीही येणार आहे. निघताना आणि उतरल्यावर मोजणी मी करीन. माणसांची."

बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. चाकांवरसुद्धा नाही.

मग माझ्या फोनवर किशोरभाऊ. "वहिनी," म्हणाले. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली. कोणी तरी त्यांना जेवायला हाक मारली.

"महेशनं सांगितलं का?"

मी म्हटलं, "काय?"

"मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, वहिनी."

मी फोन ठेवला नाही. त्यांनीही नाही.