गोलच्या मागची जागा

सोमवार, ८ डिसेंबर. सकाळी ७.२०

सामना पक्का. येत्या रविवारी, १४ तारखेला, दुपारी तीन वाजता, पांढरकवडा. अय्यूबभाईंनी स्वतः सांगितलं, त्यांच्या गॅरेजात, ट्रॅक्टरखाली आडवे असताना. अय्यूबभाई आमचे कोच. आमचे म्हणजे नेर गर्ल्सचे. जिल्हा महिला फुटबॉल लीग, ब गट, शेवटची मॅच. बरोबरी झाली तरी पुरे. पुढच्या वर्षी अ गट.

गोलकीपर माझी मुलगी बबिता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. गोलच्या मागे मी, प्लास्टिकच्या खुर्चीवर. यंदा सात मॅच झाल्या, सातही मॅचला मी तिथेच होतो. बॉल कुठून येतोय, पुढे यायचं की थांबायचं, सगळं मी मागून सांगतो. तिला फक्त हात लावायचा असतो. या सीझनमध्ये आम्ही दोघांनी मिळून एकवीस शॉट अडवले.

अय्यूबभाईंनी विचारलं, "भाऊ, रविवारी जिनिंग चालूच असंन ना तुमची? कापसाचा सीझन हाय." किती काळजी माझी. म्हटलं, बारा वर्षं सुपरवायझर आहे, एका रविवारी मला कोण अडवतो? ट्रॅक्टरखालून आवाज आला. पाना पडल्याचा.

संकल्प: आठवडाभर कोणावर ओरडायचं नाही. गळा रविवारसाठी.

मंगळवार, ९ डिसेंबर

सकाळी कोमट पाणी, हळद, मीठ. साडेनऊला हमालांवर ओरडलो. ओला कापूस सुक्या ढिगावर टाकत होते. इलाज नव्हता. संकल्प उद्यापासून.

कामात लक्ष नाही. मागची मॅच डोक्यातून जात नाही. मुकुटबनशी, घरच्या ग्राउंडवर, २-२. दुसरा गोल दुर्दैवी. त्यांचा कॉर्नर होता. मी "पुढे ये" म्हटलं. मग "नको, थांब" म्हटलं. बबिता "काय?" म्हणून माझ्याकडे वळली, तेवढ्यात बॉल आत. चूक डिफेन्सची. त्यांनी बॉल तिथवर येऊच द्यायला नको होता.

त्यानंतर रेफ्रींनी मला खुर्ची हलवायला सांगितली. हलवली. या पोस्टाजवळून त्या पोस्टाजवळ.

रविवारी तसं होणार नाही. "नको" हा शब्द गाळायचा. नुसतं "थांब".

बुधवार, १० डिसेंबर. दुपारी १.३०

गाडीचं विचारायला गॅरेजात गेलो. सतरा सीटची ट्रॅव्हलर ठरली आहे. पंधरा मुली, एक ड्रायव्हर, एक अय्यूबभाई. मी म्हटलं, आणि मी? अय्यूबभाईंनी हात पुसले. आधीच पुसलेले होते, तरी पुसले. म्हणाले, "भाऊ, तुमच्यासाठी त मोठं काम ठेवलं हाय. तुम्ही नेरातच थांबा. मी तिथून फोन करीन, तुम्ही ग्रुपवर स्कोर टाका. सारं नेर तुमच्या भरवशावर."

विश्वास मोठा आहे, मान्य. पण माझ्या अनुभवाच्या मानाने काम लहान. नम्रपणे नकार दिला. म्हटलं, मी एसटीने येतो, गाडीत तुम्ही मोकळे बसा. त्यांची मुलगी नुजहत, आमची कॅप्टन, तिथेच स्टुलावर बसून बुटांच्या लेस ओवत होती. ती म्हणाली, "अब्बा, मैं बोली थी ना." काय बोलली होती, ते विचारायचं राहिलं.

संध्याकाळी ७

पुष्पाचं नवीनच. म्हणे तांड्यावरून याडीचा निरोप आहे, रविवारी तिचे डोळे दाखवायला न्या. आई माझी, त्यामुळे मला नाही म्हणता येत नाही, हे पुष्पाला पक्कं ठाऊक. पण रविवारी डोळ्यांचा दवाखाना बंद असतो, हे बावीस वर्षं संसार करून तिला माहीत नाही. सोमवारी नेतो म्हटलं. पुष्पा म्हणाली, "मंग रविवारी नुसतं भेटून या." याडीला फोन लावला. ती म्हणाली, "डोळे? मले त मारुतीच्या देवळावरचा झेंडा दिसते इथून."

एसटीचं टाइमटेबल चार वेळा पाहिलं. यवतमाळला गाडी बदलावी लागेल. पाचव्यांदा पाहिलं. बदलावीच लागेल.

गुरुवार, ११ डिसेंबर. सकाळी ११

आपल्याकडे पाहुण्या टीमला जेवण यजमानांचं. किती माणसं, ते आधी कळवायचं असतं. म्हणून मीच पांढरकवड्याच्या सचिवांना फोन लावला. सुनील टेकाम. सज्जन माणूस, प्रत्येक वाक्याला "जी". मी म्हटलं, टीमच्या वतीने बोलतोय. जेवणात काय आहे? "वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी, जी." वांगं बदलायला सांगितलं. वांग्याने कीपर सुस्तावतो. बबिताला वांगं आवडतं, पण हा आवडीचा प्रश्न नाही.

माणसं किती धरली? "सतरा, जी." म्हटलं, अठरा करा. ते म्हणाले, "अय्यूबभाईंना विचारतो, जी." आणि मग स्वतःहूनच म्हणाले, "तुमच्या दोरीची सोय झाली, जी."

कसली दोरी?

"गोलच्या मागं, जी. तीस फूट. तिथं कोणी उभं राहणार नाही."

माझं डोकंच फिरलं. आमच्या कीपरचा पाठिंबा तोडायचा हा सरळसरळ डाव आहे. मी तसं बोललो. जरा मोठ्याने बोललो असेन, कारण जिनिंगमध्ये दोन हमाल ओझं खाली ठेवून बघत राहिले. टेकाम शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडूनच अर्ज आला, जी."

शक्य नाही. बोगस अर्ज. फोटो पाठवा म्हटलं.

दुपारी ४. फोटो नाही.
४.२० ला नाही.
५ वाजता आला. उघडेना. नेटवर्क.

शुक्रवार, १२ डिसेंबर. सकाळी ६.४५

फोटो उघडला. अर्ज बोगस नाही. अक्षर बबिताचं. बालवाडीत मीच हात धरून गिरवून घेतलं होतं, अजून तसंच उजवीकडे झुकतं. मजकूर उतरवून ठेवतो:

"आमच्या गोलच्या मागे तीस फुटांपर्यंत कोणत्याही प्रेक्षकास अथवा नातेवाईकास, खुर्चीसह किंवा खुर्चीशिवाय, बसू अगर उभे राहू देऊ नये, ही नम्र विनंती."

खाली पंधरा सह्या.

दोनदा वाचला. मग उलगडा झाला. पोरगी हुशार. पांढरकवड्याचे प्रेक्षक खुर्च्या घेऊन गोलच्या मागे येऊन बसतात आणि पाहुण्या कीपरला त्रास देतात, हे तिने शोधून काढलं असणार. त्यात त्यांच्या खेळाडूंचे नातेवाईकही असतील. याला म्हणतात तयारी. आणि मला सांगितलंही नाही, मी उगाच काळजी करेन म्हणून.

प्रश्न एकच. दोरीच्या आत मला कसं सोडतील? मी प्रेक्षक नाही, त्यामुळे तिथे अडचण नाही. नातेवाईक आहे, पण ते पांढरकवड्यात कोणाला माहीत?

पुष्पाला अर्ज वाचून दाखवला. बबिताचं कौतुक केलं. पुष्पाचा हात परातीत थांबला. म्हणाली, "तुमाले खरंच समजून नाही राह्यलं का?" म्हटलं, सगळं समजतं. ती परत लाटायला लागली. पोळ्या मात्र जाड झाल्या.

रात्री ११.३०. झोप येईना, म्हणून बबितासाठी सूचना काढल्या. एकूण एकोणीस.

शनिवार, १३ डिसेंबर. संध्याकाळी ६.३०

बबिता आपणहून आली. मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. मी सूचनांचा कागद काढला. ती म्हणाली, "बा, आधी मी बोलतो."

जे बोलली ते लिहून ठेवतो. क्रम चुकला असेल.

म्हणाली, नुजहत पुढून ओरडते, "मॅन मागं!" आणि मले तुहा आवाज येते. मले दोन आवाज आले की बॉल दिसत नाही. मुकुटबनच्या वक्ती मी बॉलकडं नाही, तुह्याकडं पाहून राह्यलती. पोरी मले काही म्हणाल्या नाहीत. त्यानं जास्तच लागलं.

मी म्हटलं, मग मी हळू सांगेन.

म्हणाली, "तू हळू सांगतलं तरी मी ऐकतो ना, बा. तू बोलला की मी सहा वर्साची होतो."

मी कागदावर बघितलं. एकोणीसपैकी एकही लागू पडेना.

मग म्हणाली, "उद्या तुहा आवाज आला तर मी हातमोजे काढून संगीताले देईन. खरं सांगतो." संगीता राखीव कीपर. उंची चार फूट दहा. चांगली मुलगी आहे. क्रॉसबारला कधी हात लागलेला नाही.

बबिता अजिबात रागात नव्हती. रागात असती तर मीही ओरडलो असतो, मग दोघंही शांत झालो असतो. तसं काही झालं नाही. ती उभी होती. मी म्हटलं, ठीक आहे. ग्राउंडात पाय ठेवणार नाही. ती म्हणाली, "शप्पथ?" मी म्हटलं, शप्पथ.

मग तिने माझ्या हातातला कागद घेतला, घडी केली आणि आपल्या बॅगेत ठेवला. वाचणार नाही. पण फेकलाही नाही.

रविवार, १४ डिसेंबर. सकाळी ७

ट्रॅव्हलर गेली. कोपऱ्यावरून पाहिली. मुली गात होत्या. कोणी मला पाहिलं नाही, कारण मी विजेच्या डीपीमागे होतो.

आज घरीच. पेपर वाचायचा, अंगणातला नळ दुरुस्त करायचा.

सकाळी ७.४०

पेपर वाचून झाला. नळ टपकत नाहीये.

सकाळी ८.१५

जिनिंगच्या मशीनला बेल्ट लागणार आहे, आज ना उद्या. यवतमाळला चौकशी करून यावी. पुष्पाला सांगितलं. तिने काही न विचारता डबा दिला. दोन माणसांना पुरेल एवढा.

सकाळी १०.५०, यवतमाळ

बेल्टचं दुकान बंद. समोर पांढरकवड्याची गाडी लागलेली. शब्द ग्राउंडचा दिला होता, तालुक्याचा नव्हता.

दुपारी १.३०, पांढरकवडा

ग्राउंड सापडलं. मी शोधलं नाही. चालत होतो, वाटेत आलं. सभोवती भिंत, सात फूट. भिंतीला लागून रस्ता, रस्त्यावर पानठेला, पानठेल्यापुढे बाक. मी बाकावर. दोन्ही पाय रस्त्यावर. खात्री करून घेतली.

दुपारी २.२०

वॉर्म-अप सुरू झाला. दिसत काही नाही, ऐकू येतं. अय्यूबभाईंची शिट्टी. मग भिंतीच्या अगदी पलीकडून नुजहत: "बबिता, लो बॉल घे! लो!" आणि हातमोज्यावर बॉल बसल्याचा आवाज.

म्हणजे हाच गोल. पहिल्या हाफला टॉस फिरला नाही, तर ती इथेच, दोरी धरून पंधरा पावलांवर. आठवडाभर आटापिटा केला असता तरी मला याहून जवळची जागा मिळाली नसती.

"आधी डावा पाय टाक," असं अगदी ओठांवर आलं. उठून रस्त्याच्या पलीकडे गेलो. तिथून काहीच ऐकू येईना. परत आलो.

दुपारी २.४०

हे जमणार नाही. आवाज दाबायची मला सवय नाही, माझा आवाज जिनिंगच्या भोंग्याच्या वर जातो. पहिल्याच शॉटला तोंडातून काहीतरी निघेल, आणि पलीकडे ती हातमोजे काढेल. परतीची गाडी पावणेतीनला आहे. उठावं.

दुपारी २.४५

गाडी गेली असेल.

दुपारी २.५०

पानठेलेवाला प्लास्टिकच्या कागदावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. बारा वर्षं पाहतोय, खर्रा तोंडात असलेला हमाल हाक मारली तरी बोलत नाही, नुसती मान हलवतो. आयुष्यात कधी खाल्ला नाही. एक मागितला. त्याने विचारलं, "कितीचा?" म्हटलं, दीड तास पुरेल इतका. तो म्हणाला, "काका, पहिल्यांदाच हाय का? चक्कर येईन." सगळा तोंडात घेतला.

दुपारी २.५७

चक्कर येत आहे. बाक धरून लिहितोय, अक्षर झुकतं आहे.

पानठेलेवाल्याने विचारलं, "मॅच पाहाले आले का?" मी मान हलवली, नाही. "मंग कोणाची वाट पाहून राह्यले?" मी भरलेल्या तोंडाकडे बोट दाखवलं.

टॉस झाला असावा. बाजू बदललेली नाही. भिंतीपलीकडून नुजहत ओरडली, "रेडी का?" आणि बबिता म्हणाली, "रेडी." मोठ्याने म्हणाली. एवढा मोठा आवाज तिचा आहे, हे मला माहीत नव्हतं.

आता शिट्टी होईल. हाफ-टाइम धरून पावणेपाचला मॅच संपेल. मधेच सारं पांढरकवडा ओरडलं, तर गोल. पावणेपाचपर्यंत भिंतीच्या त्या बाजूने कोणी ओरडलं नाही, आणि या बाजूनेही नाही, तर बबिता अ गटात.