पांढऱ्या डोळ्यांची चिलटं

२६ मे, सकाळी ७
पक्कं ठरलं. उन्हाळ्यातली संशोधनाची जागा मीच घेणार. कॉलेजात ज्वांग बाईंच्या चिलटांच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या वर्षाच्या एका, एकाच, विद्यार्थ्याला आठ आठवडे स्वतःचा प्रयोग करायला मिळतो. निकाल १७ जूनला. मी चौसष्ट वर्षांचा, पण नोटिशीत वयाचं काही लिहिलेलं नाही. तीनदा वाचली. पस्तीस वर्षं या च्याई शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या, कुणी न शिकवता. चिलटं ती काय!
अर्ज दिला, मग परत मागून नाव नीट लिहिलंय का ते पाहिलं.

२८ मे
निकालापर्यंत लॅबमध्ये हाताखाली काम करायचं. हाताखाली म्हणजे यी-च्येनच्या. ती एकवीस वर्षांची, शेवटच्या वर्षाला. पण लॅबमध्ये आधी आली म्हणून मी तिला ताई म्हणायचं. ती मला काका म्हणते. तिच्या काचनळ्यांत पांढऱ्या डोळ्यांची चिलटं आहेत. रानातल्यांचे डोळे लाल. ही दोन वर्षं निवडून निवडून राखलेली. ताई म्हणाली, काका, नळीच्या तोंडचा कापसाचा बोळा सैल राहिला तर आधी चिलटं बाहेर जातील, मग तुम्ही.
चेष्टा असावी.

२९ मे
चिलटं गॅसने गुंगवायला शिकलो. गुंगवली शंभर, उठली साठ. ताईने उरलेली चाळीस मोजून वहीत लिहिली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

१ जून, दुपारी
सकाळपासून नोटीस पुन्हा पुन्हा वाचतोय. बायको, शिउ-लुआन, म्हणाली, लग्नाच्या दिवशी एवढे पांढरे पडला नव्हता, एका जागेसाठी कसला जीव काढताय? म्हटलं, आंबट खाल्लं. खाल्लं काहीच नव्हतं.
हिला कसं सांगू? पस्तीस वर्षं लोक म्हणाले, फान काका, हात सोन्याचे, पण सर्टिफिकेट कुठाय? लिफ्ट चालू झाली की सही दुसरा करायचा. एकदा कुठेतरी कागदावर माझं नाव हवंय. बस.
वर्गात एकोणपन्नास जण. सगळ्यांनी अर्ज केला असणार. सगळ्यांचे डोळे चांगले.

४ जून
उपाय सापडला. मेव्हण्याच्या बागेतला अननस. चांगला पिकलेला, वास दारापर्यंत. वजनकाट्याच्या कपाटामागे ठेवून दिला. आपल्या बोलीत ओंग-लाइ म्हणजे अननसही आणि 'भरभराट ये'सुद्धा. दुकानदार ठेवतात, निवडणुकीला उभे राहिलेले ठेवतात, मग विज्ञानाचं काय वाईट होणार आहे? लॅबमध्ये खाण्याचे पदार्थ आणायचे नाहीत असा नियम आहे खरा. पण मी खाणार कुठे आहे?
आज जरा बरं वाटतंय.

९ जून, सकाळी १०:२०
नळी क्र. १४. पांढऱ्या डोळ्यांच्या गर्दीत एक लाल डोळ्यांचं चिलट. चष्मा पुसला. लालच.
शोध लागला! पांढऱ्यातून लाल उलटून आलं! स्टुलावर बसलो, स्टूल तिथे नव्हतं.

१० जून
लाल डोळेवाली: चार. कुणाला सांगितलेलं नाही. निकालाच्या आदल्या दिवशी बाई बैठक घेतात, तिथेच जाहीर करणार. तोपर्यंत कुणी पाहिलं तर? शोध चोरीला जातात, ऐकून आहे. नळ्यांसमोर उभा राहून दिवस काढला. ताई म्हणाली, काका, तुम्ही तिथे दुरुस्तीला आलाय का? म्हटलं, पाठ आखडलीय.

१२ जून
एकोणीस. तीन नळ्यांत. भाषण लिहिलं, आरशासमोर म्हणून पाहिलं. 'आदरणीय' म्हटल्याबरोबर आवाज बसतो. 'आदरणीय' काढून टाकलं. तरी बसतो.

१४ जून, सकाळी
ताईने पाहिलं. मला वाटलं, उडी मारेल. ती हळूच खाली बसली. म्हणाली, बाहेरची शिरलीत. रानटी. माझाच एखादा बोळा सैल राहिला असणार, काका, दोन वर्षं गेली. मी म्हटलं, बाहेरची कशावरून? ती म्हणाली, मग काय, ऑर्डर देऊन मागवली? आणि तोंड धुवायला निघून गेली.

१४ जून, दुपारी १
कपाटामागे हात घातला. अननस बुडाशी मऊ लागला आणि धूर उठावा तशी चिलटं उठली. खिडकीच्या उजेडात दोन पकडून भिंगाखाली धरली.
लाल डोळे.
अननस पिशवीत कोंबला. कुणी पाहिलं नाही. जिन्याने उतरून कचऱ्याच्या पेटीत टाकला.

१५ जून
आज ताईला सांगणार होतो. लॅबमध्ये गर्दी होती.
खोटं. दोघेच होतो. ती सगळे बोळे एकेक काढून तपासत होती. म्हणाली, काका, माझ्या हातून अशी चूक कधी होत नाही हो. मी म्हटलं, होतं असं कधी कधी. असं म्हणालो. मी.

१६ जून
बैठक. ताई उभी राहिली, म्हणाली, बाई, माझा बोळा... मी खुर्ची पाडून उठलो. भाषणातलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, अननस. बाई म्हणाल्या, काय? म्हटलं, अननस मी ठेवला होता, कपाटामागे, जागा मिळावी म्हणून. बोळेही माझेच सैल असतील, लाल डोळेवाली सापडली त्या तिन्ही नळ्या मीच भरल्या होत्या. अर्ज मागे घेतो.
मग ताई म्हणाली, काका, तुम्ही भरभराटीला बोलावलंत, आणि ती आली. पंख लावून आली. कुणीतरी फसकन हसलं. ताई नाही हसली. बाई शांतपणे म्हणाल्या, मूळ जातीच्या नळ्या मी खालच्या खोलीत कुणाला न सांगता वेगळ्या ठेवते. यी-च्येनचे तीन आठवडे गेले, दोन वर्षं नाही. आणि फान काका, अर्ज तोंडी मागे घेता येत नाही.
जागा गेली हे लहान मुलालाही कळेल. ताईने जाताना फक्त एवढंच विचारलं, परवा का नाही सांगितलंत? मी पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

१७ जून, सकाळी ११
फलकावर नाव आहे. माझं. छापील. दोनदा बोट फिरवून आलो. खरेपणाची कदर होते तर! एकोणपन्नास जणांतून निवड! शिउ-लुआनला फोन केला, तिने शेजारी सांगितलंसुद्धा.

१७ जून, दुपारी ३
बाईंचे आभार मानायला गेलो. सहज विचारलं, चुरस फार होती का? म्हणाल्या, फान काका, अर्ज एकच आला. बाकीची सगळी मुलं सुट्टीत कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यांत शिकायला जातात. जागा रिकामी राहिली असती तर पुढच्या वर्षी बंद झाली असती.
मग वही उघडून म्हणाल्या, बसा. सोमवारपासून तुमचा प्रयोग. तुम्हाला नेमकं काय शोधायचंय?
मी बसलो. बाई पेन धरून थांबल्या. इतक्या दिवसांत हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.
म्हटलं, उद्या सांगतो.
भीती वाटतेय.